निळा रंग जांभळा का छापला जातो?



या सदरात आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातवैधता प्रमाणपत्र, भविष्यनिर्वाह निधीचे दावे अशा कागदोपत्री कामांची माहिती देत असतो. परंतु गेल्या काही महिन्यांपासून करी रोड, लालबाग, डिलाईल रोड या आमच्या भागात जिथे जावे तिथे एक वेगळीच तक्रार कानांवर येते. "कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घेतलं, बाकी सगळं चालतं, पण प्रिंटर रंगीत धड छापत नाही." कुणाचे पान नुसतेच काळे येते, कुणाचा निळा जांभळा होतो, कुणाच्या फोटोतले चेहरे हिरवट दिसतात, तर कुणाचा प्रिंटर पानामागून पान अगम्य अक्षरे ओकत बसतो. आजचा लेख त्यासाठीच.

ही पाळी मुळात का आली ते आधी पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या संगणकांवर चढत नाही, तिला नव्या बनावटीचे यंत्र लागते. आणि आपल्या घरांत संगणक येतो तो कसा? कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेला. यंत्र ठणठणीत, पण कंपनीच्या दृष्टीने ते म्हातारे झाले. अशा यंत्रांवर आपली मुले उबुंटू किंवा मिंट या नावांनी मिळणारी लिनक्स प्रणाली टाकू लागली आहेत. ती फुकट मिळते हे खरे, पण तिची खरी ओळख ती नव्हे. तिची आतली सगळी रचना उघडी आहे. कुणीही ती वाचावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. म्हणून तिला मुक्त प्रणाली म्हणतात.

आता प्रिंटरकडे वळू. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि पोटापाण्याचा उद्योग कारकुनीचा. हिशेबाच्या कामात तेरीज जुळली नाही की नवखा माणूस सगळी किर्द पहिल्या पानापासून पुन्हा तपासू लागतो आणि रात्र घालवतो. जाणता कारकून आधी फरकाचा आकडा पाहतो. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली, तर नावेची रक्कम जमेला पडली असावी. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर ५४ चे ४५ झाले असावेत. म्हणजे चूक कोणत्या खात्यात असू शकेल आणि कोणत्या खात्यात असूच शकत नाही, हे आधी ठरवायचे. प्रिंटरचा बिघाड शोधण्याची रीत अगदी हीच आहे, आणि आमच्या पाहण्यात नव्वद टक्के लोक नेमके हेच करत नाहीत. ते थेट शाई बदलतात, प्रणाली बदलतात, शेवटी प्रिंटर बदलतात.

पान छापले जाते म्हणजे काय होते, हे थोडक्यात समजून घ्यावे. तुम्ही लिबरऑफिसमध्ये पत्रिका तयार केली आणि 'प्रिंट' म्हटले. ते पान लिनक्समधील छपाईच्या कारभाऱ्याकडे जाते. या कारभाऱ्याचे नाव 'कप्स'. तो ते पान प्रिंटरला समजेल अशा भाषेत उतरवून घेतो. हे उतरवण्याचे काम करणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. मग ते तारेतून किंवा वाय-फायवरून प्रिंटरकडे जाते आणि प्रिंटरचे डोके बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर टाकते. म्हणजे मुक्काम चार झाले: तुमची फाईल, कप्स, ड्रायव्हर आणि प्रिंटर. चूक यांपैकी एकाच मुक्कामी असते. ती कोणत्या, ते शोधायला तीन पाने पुरतात.

पहिले पान संगणकाशिवाय काढायचे. प्रिंटरची तार काढून ठेवा किंवा संगणक बंदच करा. बहुतेक रंगीत इंकजेट प्रिंटरांना स्वतःच्या बटणांवरून तपासणीचे पान काढता येते. कोणते बटण किती वेळ दाबायचे ते माहितीपुस्तिकेत असते. त्या पानावर निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांच्या बारीक रेघा येतात. रेघा तुटक आल्या, तर त्या रंगाची छिद्रे सुकलेली आहेत. मग संगणकाला, लिनक्सला, कुणालाच दोष देण्याचे कारण नाही. रेघा सलग आल्या, तर प्रिंटर निर्दोष आहे आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

दुसरे पान कप्सकडून काढायचे. इंटरनेट पाहण्याच्या खिडकीत पत्त्याच्या जागी रोमन अक्षरांत 'लोकलहोस्ट', मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि मग इंग्रजी आकड्यांत ६३१ असे लिहावे. यासाठी इंटरनेट लागत नाही, हा आपल्याच यंत्रातला पत्ता आहे. तिथे 'प्रिंटर्स'मध्ये आपला प्रिंटर निवडून 'मेंटेनन्स'च्या यादीतून 'प्रिंट टेस्ट पेज' करावे. रंगीत चाचणी पान नीट आले, तर कप्स, ड्रायव्हर आणि प्रिंटर तिघेही सुटले. दोष तुमच्या फाईलमध्ये किंवा ती छापताना निवडलेल्या पर्यायांत आहे.

तिसरे पान म्हणजे तीच फाईल आधी पीडीएफ करून, ती पीडीएफ दुसऱ्या प्रोग्रामातून छापणे. पीडीएफ बरोबर छापली गेली आणि मूळ फाईल नाही, तर गडबड लिबरऑफिसच्या छपाईच्या पर्यायांत आहे. मराठीची जोडाक्षरे छापताना फुटत असतील, तर त्यावरही हाच उपाय बहुधा लागू पडतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ, कारण एका घरात तो पोटाशी येऊन भिडला होता. आमच्या ओळखीच्या एक ताई चाळीतल्या खोलीत टंकलेखन आणि छपाईची कामे घेतात. यजमान नाहीत, मुलगी बारावीला. त्यांना जयंतीच्या दोनशे पत्रिकांचे काम मिळाले. पत्रिकेच्या माथ्यावर निळी पट्टी आणि बाजूला पंचशील ध्वज. पडद्यावर पट्टी सुरेख निळी दिसे, कागदावर मात्र वांग्याच्या सालीसारखी जांभळी येई. मंडळाच्या पोरांनी पत्रिका हातात घेतली आणि तोंड वाकडे केले. "ताई, हा आपला निळा नाही." यात त्यांची चूक नव्हती. या रंगाबाबत आपल्या माणसाची नजर फसत नाही.

दुरुस्तीवाला आला. लिनक्स काढून टाका, आणि खरे तर प्रिंटरच नवा घ्या, असे त्याने सांगितले. ताईंच्या थोरल्या भाच्याला वाटले की डोके घाण झाले आहे. त्याने प्रिंटर साफ करण्याची आज्ञा एकामागून एक सहा वेळा दिली. प्रत्येक सफाईत चारही रंगांची शाई डोक्यातून ओढून काढली जाते आणि ती प्रिंटरच्या पोटातल्या बोळ्यात जाऊन मुरते. शाईची पातळी बोटभर उतरली, जांभळा जांभळाच राहिला. ताईंनी आम्हाला निरोप पाठवला, "भाऊ, प्रिंटर विकायच्या आधी एकदा बघून जा."

वर सांगितलेली पाने काढली. प्रिंटरच्या स्वतःच्या पानावर चारही रंगांच्या रेघा सलग. कप्सच्या पानावर रंग स्वच्छ. म्हणजे दोष फाईलमध्ये, आणि तो एका निळ्यात होता. पत्रिका करताना रंगांच्या चौकटीतून सर्वांत भडक निळा निवडला होता.

तो जांभळा का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. संगणकाचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो. त्याच्याकडे लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात, आणि भडक निळा म्हणजे फक्त निळा दिवा पूर्ण पेटलेला. प्रिंटरकडे निळी शाई नसतेच! त्याच्याकडे सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे राणी गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. निळा रंग त्याला आकाशी आणि गुलाबी मिसळून करावा लागतो. पडद्यावरचा भडक निळा तो साध्या गणिताने उतरवतो, तेव्हा आकाशी शंभर टक्के आणि गुलाबीही शंभर टक्के पडते. दोन्ही सारख्या पडल्या की कागदावर जांभळा दिसणारच. हा लिनक्सचा दोष नाही, विंडोजवरही हेच होते. छापखान्यातील जुने कामगार म्हणूनच सांगत की निळ्यात गुलाबी आकाशीपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवावी.

उपाय फुकटचा आहे. लिबरऑफिसमध्ये रंग निवडताना स्वतःचा रंग आकड्यांनी देता येतो. लाल ०, हिरवा ८०, निळा १६० असे आकडे देऊन पाहिले, की गुलाबी निम्म्यावर येते आणि कागदावर गडद, भारदस्त निळा उतरतो. मात्र आकडे प्रत्येक प्रिंटरला आणि कागदाला थोडे बदलावे लागतात. म्हणून आम्ही ताईंना एका पानावर दहा-बारा निळ्या चौकटी छापायला सांगितल्या, प्रत्येकीखाली तिचे आकडे. ते पान खिडकीशी, दिवसाच्या उजेडात नेऊन मंडळाच्या पोरांसमोर धरले. ट्यूबलाइटखाली रंग पारखू नये. पोरांनी सातव्या चौकटीवर बोट ठेवले. ते पान आता ताईंच्या प्रिंटरवरच्या भिंतीला चिकटवलेले आहे आणि नवे गिऱ्हाईक त्यावरूनच निळा निवडते. दोनशे पत्रिका वेळेत गेल्या.

पत्रिकेवरच्या ध्वजाने आमचे आणखी एक काम केले, ते वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८५ साली सिलोनमध्ये तयार झालेल्या या ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी असे पाच उभे पट्टे आहेत, आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग एकावर एक. छपाईच्या दृष्टीने पाहिले तर ही तयार तपासणीपट्टीच आहे. पिवळा पट्टा फक्त पिवळ्या शाईने होतो. लाल हा पिवळी आणि गुलाबी मिळून. नारिंगीत पिवळी पूर्ण, गुलाबी निम्मी. निळ्यात आकाशी आणि गुलाबी. पांढऱ्यासाठी प्रिंटर काहीच करत नाही, तो तुमचा कागद आहे. कागद मळकट असेल तर पांढराही मळकट दिसणार. आता पाहा. लाल आणि नारिंगी दोन्ही पिवळे पडले आणि निळा आकाशी झाला, तर गुलाबी शाई येत नाही. पिवळा पट्टा कोरा आणि लाल गुलाबी आला, तर पिवळी अडकली आहे. बाकी सगळे नीट पण निळा गुलाबीकडे झुकला, तर आकाशी कमी पडते आहे. आणि लाल व नारिंगी यांतला फरक ओळखू येईना, तर गुलाबीचे प्रमाण बिघडले असे समजावे.

म्हणजे निळा बिघडण्याची कारणे दोन निघाली: फाईलमधला रंग चुकीचा, किंवा आकाशीची छिद्रे सुकलेली. लक्षण दिसायला जवळजवळ एक, उपाय मात्र अगदी वेगळे. पहिले पान काढल्याशिवाय ओळखता येत नाही. डॉक्टर तापाच्या रोग्याचे रक्त तपासतात, तसेच हे.

फोटोतील चेहऱ्यांचेही असेच. जयंतीचे बॅनर असो वा शाळेचा दाखला, चेहरा हिरवट आला तर गुलाबी अडली आहे, चेहरा निळसर-गुलाबी आला तर पिवळी. छिद्रे सुकली असतील तर सफाई एकदा करावी, फार तर दोनदा, आणि मग प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवावा. आत ओली शाई सुकलेल्या शाईला सैल करते. सकाळी पुन्हा तपासणीचे पान. आमच्या अनुभवात अर्धी दुखणी इथेच बरी होतात. आणि प्रिंटर पडून असेल तरी आठवड्यातून एक रंगीत पान काढावे. महिनाभर झाकून ठेवलेला प्रिंटर परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास रुसतो.

दुसरी मोठी तक्रार म्हणजे सगळे काळेच छापले जाणे. इथे बहुतेक वेळा प्रिंटर एक आणि नावे दोन असा प्रकार असतो. तुम्ही तारेने जोडून एकदा प्रिंटर नोंदवता आणि वाय-फायवर तोच प्रिंटर दिसला की प्रणाली तो आपणहून दुसऱ्या नावाने नोंदवते. एका नावाखाली रंगीत छपाई चालू असते, दुसऱ्याखाली नाही. तुम्ही एकात पर्याय बदलता आणि छापता दुसऱ्यातून! शिधापत्रिकेवर एकाच माणसाची दोन नावे पडली की काय घोळ होतो, हे आपल्याला सांगायला नको. प्रिंटरच्या यादीत एकच नाव ठेवावे आणि ठेवण्याआधी दोन्ही नावांनी एकेक चाचणी पान काढून कोणते रंगीत येते ते पाहावे.

नाव एकच असेल, तर प्रिंटरच्या पर्यायांत 'कलर मोड' किंवा 'आउटपुट मोड' असा रकाना असतो. तिथे 'ग्रेस्केल' किंवा 'मोनोक्रोम' निवडलेले असेल तर ते 'कलर' करावे. वर सांगितलेल्या ६३१ च्या पानावर 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स' असे लिहिलेले सापडते, तिथून केलेला बदल कायमचा राहतो. तो रकानाच दिसत नसेल, तर ड्रायव्हर चुकीचा आहे. कुणीतरी 'जेनेरिक' म्हणजे सर्वसाधारण ड्रायव्हर लावून ठेवलेला असतो. प्रिंटर काढून नेमक्या मॉडेलच्या नावाने पुन्हा जोडावा. आणि एवढे करूनही लिबरऑफिसमधूनच काळे येत असेल, तर लिबरऑफिसच्या स्वतःच्या पर्यायांत 'प्रिंट' या भागात रंगांचे करड्यात रूपांतर करण्याची एक खूण असते, आणि छपाईच्या खिडकीत अक्षरे काळी छापण्याचीही. मागच्या वापरणाऱ्याने शाई वाचवायला ती केलेली असते. सेकंडहँड संगणकाबरोबर मागच्या मालकाच्या सवयीही येतात.

अगम्य अक्षरांची पाने निघू लागली, तर घाबरून तार उपटू नये. आधी संगणकावरील छपाईची रांग रिकामी करावी, मग प्रिंटर बंद करावा. ड्रायव्हर एका भाषेत बोलतो आणि प्रिंटरला दुसरीच कळते, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक कंपनीची व्यवस्था निराळी आहे. एचपीच्या प्रिंटरांसाठी एचपीलिप नावाचा मुक्त संच आहे, पण काही मॉडेलांना त्याबरोबर कंपनीचा एक बंद जोडभाग लागतो. प्रणालीचे अद्ययावतीकरण झाले आणि या दोघांच्या आवृत्त्या जुळेनात, की कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज थांबतो. तो जोडभाग पुन्हा घालावा. एप्सनचा ड्रायव्हर वेगळा मिळतो. आणि पुष्कळशा जुन्या मॉडेलांसाठी गुटेनप्रिंट नावाचा स्वयंसेवकांनी बांधलेला संच आहे, रंगांची हुकमत त्यात उत्तम.

पान रांगेत अडकले आणि 'फिल्टर फेल्ड' असा शेरा आला, तर मुक्त प्रणालीची खरी चव कळते. कप्स आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतो. ६३१ च्या पानावर 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'व्ह्यू एरर लॉग' असते. तिथे कोणते पान किती वाजता आले, कोणत्या टप्प्यावर थांबले आणि का, हे लिहिलेले असते. इंग्रजी रूक्ष असते, पण आपल्या कचेरीतल्या शेऱ्यांपेक्षा पुष्कळ सरळ. शेवटच्या दहा-पंधरा ओळी वाचल्या तरी बहुधा 'अमुक फाईल सापडली नाही' किंवा 'परवानगी नाही' असे स्पष्ट कारण मिळते. तिथेच अधिक तपशीलवार नोंद ठेवण्याची सोयही आहे, ती काम झाल्यावर बंद करावी. टर्मिनलमध्ये टंकायच्या आज्ञा आम्ही येथे मुद्दाम देत नाही, कारण देवनागरीतून रोमनमध्ये उतरवताना एक आडवी रेघ सुटली तरी सगळे फिसकटते.

योगायोग असा की मुक्त प्रणालीची चळवळच मुळी एका प्रिंटरवरून पेटली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडके, आणि तो दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. रिचर्ड स्टॉलमन नावाचा तिथला प्रोग्रामर. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत त्याने स्वतः बदल केला होता, की कागद अडकला तर वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरची आज्ञावली मात्र बंद होती. ती ज्याच्याकडे होती अशा दुसऱ्या विद्यापीठातील माणसाकडे स्टॉलमन गेला, पण त्याने कुणाला न देण्याचे वचन दिलेले होते. त्याने नकार दिला. स्टॉलमनला बोचले ते हे, की दुरुस्ती करता येणाऱ्या माणसाला दुरुस्ती करायची मनाई आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू या मुक्त प्रणालीच्या कामाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही एकत्र आले. छपाईचा कारभारी कप्स हा मायकेल स्वीट या अमेरिकी प्रोग्रामरने १९९७ मध्ये लिहायला घेतला आणि १९९९ मध्ये तो लोकांपुढे आला. २००२ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या महागड्या मॅक संगणकांत तोच कप्स घेतला. म्हणजे मलबार हिलवरच्या मॅकमधून आणि करी रोडच्या चाळीतल्या मोडीत काढलेल्या संगणकातून निघणारे पान एकाच कारभाऱ्याच्या हाताखालून जाते!

छपाईची साधने आपल्या ताब्यात असावीत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९२० साली 'मूकनायक' आमच्या शेजारच्या परळमधून निघाला. पुढे 'जनता'चे १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले, ते दादरच्या बुद्धभूषण छापखान्यातून. ती वास्तू जून २०१६ मध्ये पाडली गेली. त्या काळी खिळे जुळवणाऱ्या आपल्या माणसांना यंत्राचा स्क्रू अन् स्क्रू ठाऊक असे. ताईंची मुलगी आता तो एरर लॉग वाचते आणि आईला मराठीत सांगते. त्या दिवशी तिने आम्हालाच विचारले, "काका, गुलाबी पन्नासवर ठेवली तर काळी किती घ्यायची?" उत्तर तिचे तिनेच दोन पाने काढून शोधले.

ज्यांना पायरीपायरीने शिकायचे आहे त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे. संगणकाची ओळख, उबुंटू, लिबरऑफिस यांचे छोटे धडे तिथे मराठी आवाजातही विनामूल्य मिळतात. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणालीही आहे, ती २००७ पासून. तिच्यात छपाईचा कारभारी हाच असल्याने वरची सगळी रीत तिथेही चालते.

नवा प्रिंटर घ्यायचाच असेल, तर खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' असे लिहिले आहे का ते पाहावे. असा प्रिंटर आपली क्षमता स्वतःच कप्सला सांगतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुकानदार लिनक्सबद्दल हमखास "माहीत नाही" म्हणेल, त्याला हे दोन शब्दच विचारावेत. फार स्वस्त, फक्त तारेने चालणाऱ्या आणि सगळे काम संगणकावर टाकणाऱ्या प्रिंटरांपासून जपून राहावे. एक अडचण सांगून ठेवतो. अशा बिनड्रायव्हरच्या जोडणीत शाईची पातळी किंवा सफाईची बटणे लिनक्सच्या पडद्यावर नेहमी दिसत नाहीत. ती कामे प्रिंटरच्या अंगावरील बटणांनीच करावी लागतात, म्हणून माहितीपुस्तिका टाकून देऊ नये.

राहता राहिला कागद. छपाईच्या खिडकीत कागदाचा प्रकार विचारतात, तिकडे कुणी पाहत नाही. साधा कागद घालून 'ग्लॉसी' निवडले तर शाई बेसुमार पडते आणि पान ओले होते, 'ड्राफ्ट' निवडले तर रंग फिके येतात. पावसाळ्यात तर आपल्या खोल्यांतला कागद दमट होतो, रंग रेघेबाहेर पसरतात, दोन-दोन पाने एकत्र ओढली जातात, आणि लोक म्हणतात की लिनक्सने खाल्ले. उघडलेले रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फळीवर वर ठेवावे, मोरीच्या बाजूच्या भिंतीला लावू नये. छापण्याआधी गठ्ठा हाताने फडफडवून घ्यावा. आणि एवढे करूनही अडले, तर आमच्याकडे येताना प्रिंटर उचलून आणू नका. प्रिंटरच्या पोटातून निघालेले पान, कप्सचे पान आणि बिघडलेले पान अशी तीन पाने आणा, त्यांच्या मागे प्रिंटरचे मॉडेल आणि प्रणालीचे नाव लिहा. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही अभ्यासिकेत असतो.